शिवेवरचे हिरवे लुगडे

आरंभीच वाचकांची क्षमा मागतो. छापून येईल असे काही लिहिण्याची पाळी माझ्यावर कधी आली नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर ती यावी असे मला स्वतःलाही वाटले नव्हते. इतकी वर्षे मुलांकडून शुद्धलेखन गिरवून घेतले. स्वतः मात्र शेरेबुकात आणि अर्जांतून लिहिले असेल तेवढेच. रिबकाबाईंविषयी लिहिण्यास माझ्याहून योग्य माणसे पुष्कळ असतील... त्यांच्या धर्माची, त्यांच्या विद्येची, निदान त्यांच्यासारख्या धीराची. पण त्यांना जाऊन पाच आठवडे झाले आणि कोणी काही लिहिल्याचे पाहण्यात आले नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि शेवटी एक विचारायचे आहे, म्हणून हे धाडस.

बातमी हुसेनभाई मणियारांनी आणली. भोरात त्यांच्याच घराच्या पुढल्या खोलीत रिबकाबाई वीसेक वर्षे राहत होत्या. भर दुपारी हुसेनभाई आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. बाजाराला निघालेले असावेत, कारण बांगड्यांचे ओझे खांद्यावर तसेच होते. "मास्तर, बाई गेल्या," ते म्हणाले. "पाणी मागितलं. बानू तांब्या घेऊन येईस्तवर..." मग एकाएकी संतापून म्हणाले, "लढाईपायी क्विनीन मिळत नाही, हे बाईंना माहीत नव्हतं का? दोन गोळ्या तरी स्वतःला ठेवायच्या की नाही? सगळ्या त्या राजगडाखालच्या वाडीवर वाटून आल्या, आणि स्वतः ताप घेऊन आल्या. पण ऐकतील तर त्या रिबकाबाई कसल्या!" लिहिताना लाज वाटते, पण खरे ते लिहितो... दुःख होण्याच्या आधी मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. का, ते पुढे येईल.

रिबकाबाई या मुलखातल्या नव्हत्या. मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेले पोर म्हणून त्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढल्या, तिथेच शुश्रूषा शिकल्या आणि तरुण वयातच विधवा झाल्यावर एकट्या भोरास आल्या. खोली द्यायला कोणी तयार नव्हते. हुसेनभाईंच्या वडिलांनी दिली. तिथून नसरापूरचा बाजार, वेल्ह्याकडची गावे, डोंगरावरच्या वाड्या असा त्यांचा पायी संचार चाले. स्वभाव गोड म्हणावा असा मुळीच नव्हता. जखमेवर शेण लावून आलेल्या माणसाला त्या अशा झापीत की तो जखम विसरून जाई. तपकिरीची सवय होती, आणि वर्षातून एकदा पुण्याहून पाद्रीसाहेब आले की डबी हुसेनभाईंच्या पत्नी बानूबींच्या मडक्यांमागे जाई. साहेब प्रत्येक खेपेस विचारीत, इतक्या वर्षांत प्रभूकडे किती आले? बाई म्हणत, "येतात पुष्कळ, साहेब. बरे झाले की जातात." साहेबांना हसावे की रागवावे ते कळत नसे. एकदा मी धीर करून विचारले होते की, हे सगळे कशासाठी? त्या म्हणाल्या, "मला कोणीतरी उचललं होतं, मास्तर. उचलताना माझं गाव विचारलं नव्हतं. त्याच्या अंगात येशू होता, इतकंच मला कळतं." एवढेच. धर्मावर त्या याहून अधिक बोलल्याचे मला आठवत नाही.

आता ती गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी मी वेल्ह्याकडल्या एका गावी एकशिक्षकी शाळेवर होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या दिवशीची काही माणसे अजून हयात आहेत. उन्हाळा होता आणि गावात पटकीची साथ शिरली होती. शाळा बंद, ओढा आटलेला, आणि रोज कोणाच्या तरी घरातून रडण्याचा आवाज. रिबकाबाई तिसऱ्या दिवशी येऊन पोचल्या आणि विहिरींत लाल औषध टाकू लागल्या. पाणी लाल झालेले पाहून बायका घाबरल्या, पण पाटलांनी "पिऊन तर बघा" म्हणून त्यांना गप्प केले. तेवढी मोकळीक गावाने बाईंना दिली होती. मात्र गावाचा खरा भरवसा होता तो मरीआईच्या गाड्यावर. साथ हटेना की लाकडाच्या लहानशा गाड्यात आईची मूर्ती ठेवायची, हिरवे लुगडे, चोळी, बांगड्या, नारळ, दहीभात असा तिचा मान करायचा, आणि वाजतगाजत गाडा ओढून शिवेपलीकडे सोडून यायचा. परतताना मागे वळून पाहायचे नाही. पुढल्या गावाने तो आपल्या पुढल्या शिवेवर न्यायचा. आई गेली की साथ तिच्याबरोबर जाते. एकदा शीव ओलांडलेला गाडा मागे फिरला तर मात्र गाव उरत नाही, असे सारेच मानीत.

त्या मंगळवारी गाडा गेला. माझी शाळा गावाच्या टोकाला, शिवेपासून हाकेच्या अंतरावर. मी दारात उभा राहून पाहत होतो. हलगी वाजत आली, गाडा पलीकडे गेला, माणसे मान खाली घालून परत फिरली. आणि मग मला दिसले की गाड्याजवळ, बाभळीखाली, कोणीतरी पडले आहे. ती ठकी. तिचे नाव तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कोकणातून घाट चढून कोळशाच्या भट्टीवर कामाला आलेली बाई. साथ लागली तशी भट्टीवरची माणसे पळाली आणि ही मागे राहिली. रांगत रांगत गावाकडे येत असावी. गाडा तिच्याजवळून गेला, पण थांबणे रीतीला धरून नव्हते.

थोड्या वेळाने रिबकाबाई विहिरीकडून परतल्या आणि त्यांनी तिला पाहिले. पुढे जे झाले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. बाईंनी तिला पुसून काढले, पाणी पाजले, मग इकडे तिकडे पाहिले... आणि सरळ गाड्याशी जाऊन आईच्या अंगावरचे हिरवे लुगडे उचलले. ते ठकीला गुंडाळून त्या तरातरा माझ्याकडे आल्या.

"मास्तर, शाळा उघडा. उन्हात ती टिकणार नाही."

माझ्या आधीच्या मास्तरांनी एका वऱ्हाडाला शाळेत उतरू दिले, एवढ्यावरून त्यांची दूरच्या गावी बदली झाली होती. मी नवा होतो. घरी आई होती, नुकतेच लग्न झाले होते. मी म्हणालो, "शाळा संस्थानची आहे, बाई. परवानगी लागेल. मी लगेच भोरास अर्ज करतो."

"उत्तर कधी येईल?"

"दोन दिवस तरी लागतील."

त्यांनी बाभळीकडे पाहिले. "बरं," त्या म्हणाल्या, "तिला विचारून येते, थांबतेस का म्हणून."

त्या गेल्या आणि मी खरोखरच अर्ज लिहायला बसलो. माझे अक्षर चांगले म्हणून नावाजले जाई. मायना घातला, मजकूर सविस्तर मांडला, आणि शेवटच्या ओळीवर शाईचा मोठा डाग पडला. डागाचा अर्ज वरिष्ठांकडे जाऊ नये म्हणून मी दुसरा कागद घेतला आणि सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा लिहून काढला. बाहेर ऊन चढत होते. आता मला त्या मजकुरातला एक शब्दही आठवत नाही. दौतीत टाक बुडवताना मनाला वाटणारी निश्चिंती मात्र आठवते, की आपण काहीतरी करीत आहोत...

ओरड्याने मी बाहेर आलो. गाडा पुढे न्यायला खालच्या गावची माणसे काठ्या घेऊन आली होती आणि त्यांनी मूर्तीच्या अंगावर लुगडे नसल्याचे पाहिले होते. आमचे गावही धावले. शिवेच्या दोन बाजूंना दोन जमाव, मध्ये गाडा, आणि गाड्याशेजारी ठकीचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या रिबकाबाई.

"गाडा बाटला!" खालच्या गावचा एकजण ओरडत होता. "आमी न्हाई फुडं न्हेत. तुमचा तुमी माघारी न्या."

"माघारी?" आमचे पाटील गरजले. "डोकं ठिकानावर हाय का? शीव वलांडल्याला गाडा कंदी कुनी माघारी नेलाय?"

"मग ऱ्हाऊ द्या हितंच! दोनी गावं मिळून जत्रा भरवू."

कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. पाटील बाईंकडे वळले. हाच माणूस दोन दिवसांपूर्वी विहिरींसाठी त्यांच्या बाजूने बोलला होता. त्याच्या घरातून सकाळीच एक प्रेत निघाले होते. "बाई, आईच्या अंगावरलं लुगडं त्या भट्टीवालीला नेसवलंत? तुमाला काय वाटलं, आमी खुळं हाओत? उद्या गावात आनिक कुनी मेलं तर त्याला काय सांगू म्या?"

"दगुड घाला त्या दोगींना!" मागून आवाज आला, आणि एक दगड खरोखरच येऊन बाभळीवर आपटला. रिबकाबाई हलल्या नाहीत. पाण्याची वाटी तेवढी त्यांनी हाताने झाकली.

तेवढ्यात धोंडाई आली. ही मरीआईची म्हातारी भगतीण. आईचा वारा तिच्या अंगात येई, आणि गाड्याचा मान पिढ्यान् पिढ्या तिच्याच घरात होता. "सरा," ती म्हणाली, आणि माणसे सरली. ती बाईंसमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पोरी, खरं बोल. आईनं सांगितलं का तुला, लुगडं घे म्हनून?"

मी शाळेच्या पायरीवर होतो. म्हातारीने काय पुढे केले आहे ते मला तत्क्षणी कळले. एक हो म्हटले की सुटका होती... बाईंची, ठकीची, पाटलांची, साऱ्यांचीच. आईने सांगितले, या शब्दांपुढे त्या जमावात कोणी चकार शब्द काढला नसता. बाईंची नजर माझ्याकडे वळली तेव्हा मी मान हलवून खुणा करीत होतो: हो म्हणा, हो म्हणा.

"नाही, आजी," त्या म्हणाल्या. "हिचं लुगडं घाण झालं होतं आणि दुसरं जवळ नव्हतं. मी माझ्या हातानं घेतलं."

जमाव गुरगुरला. धोंडाईने हात वर केला. "मंग तुज्या देवानं सांगितलं आसंल."

"तो रोज रोज सांगत नाही, आजी. एकदाच सांगून ठेवलंय."

ठकीने डोळे उघडले होते आणि ती लुगड्याच्या काठाशी बोटांनी चाळा करीत होती. तो रेशमी काठ होता. तसे वस्त्र तिच्या अंगाला कधी लागले नसेल. धोंडाईने ती बोटे पाहिली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पाटलांना म्हणाली, "लुगडं आईला दिलंवतं न्हवं?"

"व्हय."

"दिलं म्हंजी दिलं. आता ते तिचं हाय. तिनं सोता नेसावं न्हाईतर लेकीला नेसवावं. तुमी इचारनारं कोन?" मग खालच्या गावाकडे वळून, "आन् तुमी काठ्या कुनाला दावता? म्या वडते गाडा. यायचं तर या मागनं." तिने खरोखरच दोरी खांद्यावर घेतली. सत्तरीची म्हातारी, पण चार पावले तिने एकटीने गाडा ओढला, आणि मग खालच्या गावचे दोघेजण काठ्या टाकून मुकाट्याने दोरीला लागले.

इथे गोष्ट संपावी असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पण लुगड्याचा निवाडा झाला तरी ठकीला घ्यायला कोणतेच गाव तयार नव्हते. पाटील नरमाईने म्हणाले, "बाई, रागावू नगा. पन गावात न्हाई आनायची." तेव्हा रिबकाबाईंनी सगळ्यांदेखत पुन्हा माझ्याकडे पाहिले. सारा जमाव माझ्याकडे पाहू लागला, आणि मला चारचौघांत बोलायचे म्हटले की आजही घाम फुटतो. मी म्हणालो, "अर्ज... अर्ज तयार आहे. वेसकराबरोबर आत्ताच धाडतो." शाळेतले पिण्याच्या पाण्याचे मडके मी नेऊन बाभळीखाली ठेवले आणि परत आलो.

बाईंनी धोंडाईच्या घरचे एक जुने लुगडे फांद्यांना बांधून सावली केली. पेजेचे पाणी मीठ घालून त्या चमच्याचमच्याने पाजत राहिल्या. धोंडाई रोज येऊन बसे आणि पदराने वारा घाली. दुसऱ्या दिवशी मला वाटले की ठकी वाचणार. ती बाईंशी काहीतरी बोलत होती. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती गेली. त्या वेळी वाऱ्याने सावलीचे लुगडे सुटून उडाले होते आणि दोघी म्हाताऱ्या-तरण्या मिळून आपल्या अंगाने तिच्यावर सावली धरून उभ्या होत्या. धोंडाईच्या घरच्यांनी शिवेवरच खड्डा खणला. हिरव्या लुगड्यासकट तिला पुरले. पाटील लांब उभे राहिले, पण आले होते.

रिबकाबाई जाताना शाळेत आल्या. मला वाटले, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "मास्तर, तिचं नाव लिहून ठेवा. ठकी. कशातही लिहा, तुमच्याकडे वह्या आहेत." जवळ होता तो डागाचा अर्ज, त्याच्या मागे मी नाव लिहिले.

परवानगीचा हुकूम दहाव्या दिवशी आला. पुढे कामानिमित्त भोरास गेलो तेव्हा कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी तो विषय आपण होऊनच काढला. भले गृहस्थ होते. हसून म्हणाले, "अहो मास्तर, एवढ्यासाठी अर्ज कसला करायचा? माणूस मरतंय म्हटल्यावर उघडायची की शाळा!"

ते वाक्य मी वीस वर्षे कोणाला सांगितले नाही. बायकोला नाही, रिबकाबाईंना तर नाहीच. पुढे माझी बदली भोरास झाली आणि त्यांच्याकडे माझे जाणे होऊ लागले. मिशनला औषधांसाठी पत्रे, कोणाच्या सुनेला माहेरी धाडण्यासाठी विनवणी, हे सारे त्या माझ्याकडून लिहून घेत. "अक्षर पाहूनच काम होतं," असे म्हणत. प्रत्येक पत्राच्या वेळी मला वाटे, आज सांगावे. आणि प्रत्येक वेळी मी कागद वाळवून, घडी घालून, टोपी उचलून निघे. एकदाच, गेल्या उन्हाळ्यात, तपकिरीची चिमूट नाकाशी नेताना त्या सहज म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मडकं आणून ठेवलंत, मास्तर. पाणी फार गार होतं हो." मी मान खाली घातली. त्यांना सगळे ठाऊक होते की नव्हते, हे आता कळायचे नाही. हुसेनभाईंनी बातमी सांगितली तेव्हा मला सुटल्यासारखे का वाटले, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल.

पण सुटका काही झाली नाही. बाई जाऊन तीन आठवडे झाले असतील. मी मणियारांच्या आळीतून येत होतो आणि बानूबींनी हाक मारली. बाईंच्या बंद खोलीच्या पायरीवर एक माणूस बसला होता. पालीच्या वरच्या वाडीचा, नाव रामजी. खोकल्याने छातीचा पिंजरा हलत होता.

"बाईंकडं आलाय," बानूबी म्हणाल्या. "त्या गेल्या म्हणून सांगितलं. तरी उठत नाही."

"उटून जाऊ कुटं?" तो म्हणाला. "वाडीवर घेत न्हाईत. बाई म्हनाल्या व्हत्या, लई झालं की ये."

"मास्तर, घरात लेकरं आहेत माझ्या," बानूबी कळवळून म्हणाल्या. "सांगा, याला कुठं ठेवू?"

बघतो, विचारतो, कोणालातरी लिहितो... हे सारे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण मी "चल" म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आज बारा दिवस तो आमच्या पडवीत आहे. पत्नी पहिल्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पेजेची वाटी उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "करून देईन. शिवणार नाही." शेजाऱ्यांनी मुलांना आमच्याकडे धाडणे बंद केले आहे. "दवाखाना मांडलात वाटतं, मास्तर!" असे जाता येता ऐकू येते. आणखी दोघे येऊन बाईंची चौकशी करून गेले. त्यांतली एक बाई पोटुशी होती आणि तिला मी काय सांगावे ते मला समजले नाही. मला नाडी पाहता येत नाही. तो खोकला की मी आतल्या खोलीत जातो, दहादा हात धुतो, आणि पुन्हा बाहेर येतो. धीर मला त्या दिवशी नव्हता तसा आजही नाही, आणि रामजीला ते कळते. काल तो म्हणाला, "मास्तर, तुमी लांब बसा. म्या हाय हितं."

रिबकाबाईंची खोली हुसेनभाईंनी अजून कोणाला दिलेली नाही. परवा ती उघडून पाहिली. खुंटीला पिशवी आहे. फळीवर बाटल्या आहेत आणि त्यांवर बाईंच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत, पण कोणते औषध केव्हा आणि किती, हे मला उमगत नाही. त्यासाठी शुश्रूषा शिकलेले माणूस हवे. बाई असो की पुरुष, कोणत्या धर्माचे हे हुसेनभाई विचारणार नाहीत, आणि मीही विचारणार नाही. पगार देणे आम्हांला जमणार नाही. दोन्ही घरांतून जेवण होईल आणि पत्रे लिहिण्याचे काम मी करीन. पुण्याहून सर्व्हिस मोटार नसरापूरवरून भोरास येते. उतरून मणियारांची आळी विचारली की कोणीही दाखवील.

तुमच्यापैकी कोणी येईल का?